ओल्या पायाची बातमी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी एकच नाव घेतो. नरोत्तम तामोरे सर. बोईसरच्या शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवायचे. मी बेटेगावचा. वडील तारापूरच्या वसाहतीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते, आई घरची थोडी भातशेती बघायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही पोचलं नव्हतं. आज मी बी.एस्सी. आहे, नाशिकला एका प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि चार माणसांत उभा राहून बोलू शकतो. यात सरांचा वाटा मोठा आहे. पण हे लिहायला बसलो ते फक्त त्यासाठी नाही. सरांनी आम्हाला एक सवय लावली होती आणि त्या सवयीनंच पुढे त्यांना न संपणारं दुःख दिलं. ते कसं झालं हे मला नीट सांगायचं आहे, कारण आता ते वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं जातं आणि सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्यातलं काहीही पाहिलेलं नाही.

सर किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावातले. गावाचं नाव मी लिहीत नाही. सरांना ते आवडलं नसतं. पुढे ज्यांची गोष्ट येईल त्या दोघांची नावंही मी बदलली आहेत.

सर उंच, सावळे, रुंद खांद्यांचे. पँट कायम घोट्याच्या वर दुमडलेली, जणू आत्ताच होडीतून उतरले आहेत. एस.टी.नं यायचे. पिशवीत डबा, खडू आणि बहुतेक वेळा कुणाकडे तरी पोचवायची सुक्या बोंबलांची पुडी. त्यामुळे सरांच्या आधी त्यांचा वास वर्गात शिरायचा. मागच्या बाकावर कुणी नाक दाबलं की सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणायचे, "अरबी समुद्र आला. वह्या काढा."

त्यांच्या गावात एक जुना रिवाज होता. दर्यावरची वाईट बातमी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसानं सांगायची नाही. होडी बुडाली, माणूस गेला, तर जो स्वतः ते बघून पाण्यातून आला त्यानंच त्या घरी जायचं, पाय न पुसता दारात उभं राहायचं आणि सांगायचं. तोपर्यंत त्या घरातली चूल विझू द्यायची नाही आणि शेजाऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणायचं नाही. याला गावात ओल्या पायाची बातमी म्हणत. बाकी सगळी कोरड्या पायाची. ती ऐकायची आणि सोडून द्यायची.

हे सगळं सरांनी आम्हाला आठवीत सांगितलं ते मान्सूनचे वारे शिकवताना, मध्येच. तेव्हा घरोघरी मोबाइल आले होते आणि मुलं शाळेत गृहपाठ कमी, बातम्याच जास्त आणायची. मग सरांनी सोमवारचा पहिला तास बातमीचा केला. प्रत्येकानं आठवड्यात ऐकलेली एक बातमी सांगायची. ती संपली की सर विचारायचे, "पाय ओले आहेत का?" म्हणजे तू पाहिलंस का? नसेल तर ज्यानं पाहिलं त्याच्यापर्यंत जाऊन ये आणि पुढच्या सोमवारी सांग.

एकदा आमच्याच गावच्या एका मुलानं सांगितलं की कुंभवलीच्या वाटेवर बिबट्या फिरतोय, मोबाइलवर फोटो आलाय. सरांनी त्याला माग काढायला लावलं. मुलाला चुलतभावानं सांगितलं होतं, चुलतभावाला रिक्षावाल्यानं, रिक्षावाल्याला दुधवाल्यानं. दुधवाल्याकडे गेल्यावर तो म्हणाला, "अरे, मला तर तुझ्याच बापानं दाखवला फोटो." बापाला विचारलं तर म्हणाला, चुलतभावानंच पाठवला. वर्ग हसून लोटपोट झाला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बघा, बिबट्या कुठेच नाही आणि तरी चार घरं कडी लावून बसली."

पुढे शाळेत संगणकाची खोली झाली आणि ती घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून तीही सरांकडे आली. सरांना त्यातलं फार येत होतं असं नाही. आमच्याबरोबरच शिकले. पण त्या खोलीतला त्यांचा एक नेम होता. कुणी मुलगा आपला पासवर्ड टाकायला लागला की सर वळायचे आणि भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडे तोंड करून उभे राहायचे. मुलगा "झालं, सर" म्हणेपर्यंत. आम्ही मुद्दाम उशीर करायचो. सर तसेच उभे. कधीकधी नकाशाशीच बोलायचे, "ब्रह्मपुत्रा आज बरीच लांब दिसते आहे." बारावीनंतर माझा कॉलेज प्रवेशाचा अर्ज सायबर कॅफेतून भरायचा होता. सर बरोबर आले. कॅफेवाला म्हणाला, पासवर्ड सांग, मीच टाकतो, सगळ्यांचे मीच टाकतो. सरांनी त्याला खुर्चीवरून उठवलं, मला बसवलं आणि स्वतः दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. कॅफेवाल्यालाही शेजारी उभं केलं. "घराची किल्ली आहे ती त्याच्या," म्हणाले. "आपण परके."

पण सरांनी माझ्यासाठी जे केलं त्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते नववीतलं. शाळा सुटत होती. कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ आला: तारापूरला कारखान्यात स्फोट, माणसं आत अडकली. आगीचा लोळ, आरडाओरडा. खाली लिहिलेलं कारखान्याचं नाव वडिलांच्याच कारखान्याचं. मी त्या मुलाला मोबाइलसकट ओढत रस्त्याकडे पळालो. सर एस.टी.च्या थांब्यावर उभे होते. त्यांनी व्हिडिओ पाहिला नाही. मोबाइल उलटा करून मुलाच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "चल, बघून येऊ."

रिक्षानं आम्ही फाटकापाशी गेलो. तिथे आधीच गर्दी होती. बायका, भाऊ, शेजारी. मला तो देखावा अजून दिसतो. समोर कारखाना उभा होता, धडधाकट, रोजच्यासारखी वाफ सोडत. आणि त्याच्याकडे पाठ केल्यासारखी सगळी माणसं माना खाली घालून हातातली आग बघत होती. एक बाई तर फाटकाच्या गजाला डोकं लावून रडत होती. सर तिला म्हणाले, "बाई, वर बघा. समोर बघा." तिनं पाहिलं आणि पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. तिला कशावर विश्वास ठेवावा ते कळेना.

पाळी सुटली. वडील डबा हलवत बाहेर आले. मला बघून म्हणाले, "शाळा नाय का रं तुला?"

व्हिडिओ कुठल्या तरी लांबच्या गावातला, जुना निघाला. सरांनी मला फोन दिला आणि आधी आईला सांगायला लावलं. मग म्हणाले, "आता ज्यानं तुला दाखवला त्याला सांग. त्यानं ज्याला दाखवला त्यालाही. बातमी पाठवणं सोपं असतं. परत आणणं हे खरं काम."

तेव्हा ते वाक्य मला चांगलं वाटलं होतं, इतकंच.

सरांच्या गावाचा मोबाइलवर ग्रुप होता. होड्या कधी सुटल्या, भाव काय मिळाला, वाऱ्याचा इशारा, लग्न, बारसं, सगळं त्यावर. सर त्याचे ॲडमिन. त्यांनी नियम केला होता की दर्याची किंवा जिवाची बातमी टाकायची तर तिच्याखाली 'खात्री केली आहे' असं लिहायचं आणि कुणी केली त्याचं नाव. हे शब्द नसले की सर मेसेज काढून टाकायचे आणि टाकणाऱ्याला फोन करायचे. हळूहळू गावाला त्या तीन शब्दांची सवय झाली. म्हातारी माणसं वाचता येत नसलं तरी नातवंडांना विचारायची, "खात्री हाय का खाली?" असेल तर ती बातमी खरी. दुसरा ॲडमिन सरांनी निलेशला केलं होतं. निलेश त्यांच्याच गावचा, माझ्या पुढच्या वर्गातला. सोमवारच्या तासात त्याच्याइतका लांब माग कुणी काढायचा नाही. सर म्हणायचे, माझ्यानंतर ग्रुप निलेशच्या हाती सुरक्षित आहे.

मी पालघरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. एका विषयात अडलो होतो म्हणून सरांकडे राहायला गेलो होतो. वादळाचा इशारा आला. दिवसभरात होड्या परतल्या, एक सोडून. जयराम तांडेलाची. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, मुख्य. त्याच्याबरोबर चार खलाशी. सकाळ झाली तरी पत्ता नाही, फोन लागत नव्हता. जयरामच्या घरी म्हातारी आई आणि बायको. आई चुलीपाशी बसून होती. चूल पेटती.

सर मला म्हणाले, खाडीपलीकडच्या गावात मच्छीमार सोसायटीकडे वायरलेस आहे, तिथून एकेका बंदराला विचारू. निघायच्या आधी त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'जयराम तांडेल यांच्या होडीची चौकशी सुरू आहे. तोपर्यंत कुणी काही लिहू नये. तामोरे.' ते मेसेजमध्येही पूर्णविराम द्यायचे. आम्ही भाटीला, म्हणजे ओहोटीला, खाडी पायी ओलांडली. पलीकडे मोबाइलला रेंज नव्हती.

यानंतर गावात जे झालं ते मी पाहिलेलं नाही. निलेशनं मला नंतर स्वतः सांगितलं, तेच लिहितो.

आम्ही गेल्यावर थोड्या वेळानं कुठल्या तरी दुसऱ्या ग्रुपवरून निलेशकडे एक फोटो आला. उलटलेली होडी, फक्त नाळ, म्हणजे पुढचं उंच टोक, पाण्याबाहेर. निळ्यावर पिवळा पट्टा आणि पट्ट्यावर रंगवलेले दोन डोळे. नंबर पाण्याखाली. त्या गावात प्रत्येक घराण्याची नाळ वेगळी रंगवलेली असते आणि लांबून नाळ बघून होडी कुणाची हे पोरंसुद्धा सांगतात. निलेशनं घाई केली नाही. त्यानं सरांना फोन लावून पाहिला, लागला नाही. मग तो मोबाइल घेऊन गावातल्या तीन जुन्या तांडेलांकडे गेला. वेगवेगळं गाठून एकेकाला दाखवलं, एकाचं दुसऱ्याला न सांगता. तिघांनी पाहिलं. तिघांनी सांगितलं, ही जयरामचीच. एक जण तर म्हणाला, "हे डोले मीच रंगवलेले हायेत."

तो खरंच बोलत होता. ते डोळे त्यानंच रंगवले होते. पण जयरामच्या घराण्याच्या सारख्याच रंगाच्या दोन होड्या होत्या आणि त्यातली जुनी त्यांनी गुजरातकडच्या एकाला विकली होती. जिनं आपल्याला पोसलं त्या होडीचा रंग आपल्या हातानं खरवडायचा नाही, असं तिथे मानतात. घेणाऱ्यानं काय तो नवा द्यावा. घेणाऱ्यानं दिला नव्हता. होडी विकली हे तिघांनाही माहीत होतं. पण जयराम घरी आलेला नसताना समोर ती नाळ आली, तेव्हा एकालाही ते आठवलं नाही.

निलेशनं फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'खात्री केली आहे'. तिन्ही तांडेलांची नावं लिहिली.

त्यानंतर कुणी कुणाला काही विचारलं नाही. घटकाभरात कुणीतरी जयरामचा लग्नातला फोटो घेऊन त्याभोवती फुलं लावली आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचं चित्र बनवलं. ते गावाबाहेर गेलं, बोईसरला, पालघरला, सफाळ्याला नातेवाइकांकडे. कुणीतरी ते जयरामच्या बायकोला दाखवलं. तिनं हंबरडा फोडला. म्हातारीनं नातवाला विचारलं, "खात्री हाय का खाली?" तो म्हणाला, हाय. म्हातारी उठली, चुलीवर पाणी ओतलं आणि उंबऱ्यात जाऊन बसली. तिथून ती उठली नाही.

इथून पुढे मी पाहिलं आहे.

सोसायटीत सर एकामागून एक बंदर लावत होते. दुपारी उंबरगावच्या बाजूच्या एका बंदरातून उत्तर आलं. जयरामच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं, नांगर टाकून रात्र काढली, सकाळी दुसऱ्या होडीनं ओढून आणली. पाचही जण सुखरूप. सरांनी जयरामला बोलायला बोलावलं, त्याचा आवाज ऐकला, आईचं नाव विचारून खात्री केली, आणि मग उठले. खाडीला भरती लागली होती. पाणी मांड्यांपर्यंत आलं तरी सर थांबले नाहीत. त्या माणसाला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, "संतोष, चांगली बातमी ओल्या पायानं न्यायला मिळणं हे नशीब लागतं रे."

जयरामच्या दारात गर्दी होती. आम्हाला वाटलं वाट बघत असतील. सर दारात उभे राहिले, पँटमधून पाणी गळत होतं. म्हणाले, "जयराम जिता हाय. पाची जन जिते हायेत. मी त्याच्याशी बोललो."

कुणी हललं नाही. मग जयरामची आत्या आतून आली. ती म्हणाली, "मास्तर, आय गेली त्याची. आता हे कोनाला सांगता?"

सर तसेच उभे राहिले. पायांखाली पाण्याचं थारोळं झालं, तरी उभेच.

दुसऱ्या दिवशी जयराम रस्त्यानं घरी आला आणि आईला अग्नी दिला. स्मशानात काही जण त्याच्याकडे असे बघत होते की जणू त्याच्याकडूनच काही चूक झाली आहे.

पुढे देवळाच्या ओट्यावर गाव बसलं. लोकांचा सगळा राग निलेशवर होता. ज्यांनी फुलांचं चित्र पुढे पाठवलं होतं त्यांनी ते आपापल्या मोबाइलवरून काढून टाकलं होतं आणि तेच जास्त बोलत होते. एकानं सरांनाही सुनावलं, ॲडमिन म्हणवता आणि ऐन वेळेला गायब. सर शेवटी उठले. म्हणाले, "निलेशनं मी शिकवलं तसंच केलं. त्यानं विचारलं, कुणी पाहिलं. तिघांनी पाहिलं. पण काय पाहिलं? फोटो. मी पोरांना पाय ओले आहेत का विचारायला शिकवलं, फोटोला पाय नसतात हे शिकवायचं राहिलं. चूक त्याची नाही. धडा माझा अपुरा होता."

निलेश त्या महिन्यात गाव सोडून गेला. वापीला आहे असं ऐकतो. सरांनी त्याला पुष्कळ फोन केले. त्यानं एकदाच उचलला, तेही मला हे सगळं सांगून झाल्यावर, आणि त्यांना म्हणाला, सर, तुमचा आवाज ऐकला की ती चूल दिसते.

मला वाटलं होतं सर ग्रुप बंद करतील. त्यांनी केला नाही. फक्त 'खात्री केली आहे' हे शब्द बंद केले. आणि ते फुलांचं चित्र परत आणायच्या मागे लागले.

ते परत येणारं नव्हतं. डहाणूला कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहिलेलं असायचं, वर्षभरानं पुन्हा कुठल्या तरी समाजाच्या ग्रुपवर निघायचं. वादळाचा इशारा आला की हमखास. लोक हात जोडायचे, जयरामच्या घरी सांत्वनाला फोन यायचे. मग सर ते कुणाकडून आलं ते विचारायचे, त्याला फोन करायचे, मग त्याच्या आधीच्याला. सुट्टीत मी गेलो की त्यांचे हे फोन ऐकायचो. बोलणं एकच असायचं. "मी तामोरे बोलतो, निवृत्त शिक्षक. तुमच्याकडे ज्यांचं चित्र आलं आहे ते जयराम तांडेल जिवंत आहेत. मी आज त्यांना पाहिलं आहे. कृपा करून ते काढा आणि ज्यांना पाठवलंत त्यांना हे सांगा." काही जण सॉरी म्हणायचे. पुष्कळ जण वैतागायचे: काका, फक्त फॉरवर्ड केलं हो, मी कुठे मारलं त्याला. सर म्हणायचे, "नाही, तुम्ही नाही मारलं," आणि पुढचा नंबर लावायचे.

'आज पाहिलं आहे' हे खोटं होऊ नये म्हणून सर रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन जयरामला बघून यायचे. होडी समुद्रात असली तर त्या दिवशी फोन करायचे नाहीत. जयराम जाळं शिवता शिवता म्हणायचा, "काय सर, हजेरी? मांडा, हाय मी." कधी हसून म्हणायचा, "बोईसरच्या बाजारात मला बघून एक बाई देवाचं नाव घेऊन पलाली. मेल्याला वजनात मारत नाय कोन, बरं हाय." तो हसायचा, आम्हीही हसायचो. सर हसायचे नाहीत. एकदा परत येताना म्हणाले, "तो माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं."

त्यांचं शिकवणं संपलं होतं. शाळेनं निवृत्तीनंतर व्याख्यानाला बोलावलं, मुलांनी मोबाइल जबाबदारीनं कसा वापरावा यावर. सरांनी नकार दिला. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "मी अजून एक बातमी परत आणतो आहे. ती आली की जाईन."

गेल्या श्रावणात आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सरांचा फोटो आला. फुलं लावलेला. आदरणीय तामोरे सर यांचे दुःखद निधन. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यात वर्गातले हुशार होते, सोमवारच्या तासाला बसलेले होते. मी प्रयोगशाळेत होतो. ज्यानं टाकलं त्याला फोन केला. तो म्हणाला, सरांच्या दारातून रुग्णवाहिका जाताना माझ्या मेहुण्यानं पाहिली. मी विचारलं, सरांना पाहिलं का? तो चिडला. म्हणाला, "अरे, श्रद्धांजलीला काय पुरावा मागतोस?" सरांच्या घरचा फोन लागत नव्हता. मी रजा टाकली आणि जव्हारमार्गे एस.टी.नं निघालो. सगळ्या वाटेवर मोबाइल थरथरत होता. सरांच्या आठवणी येत होत्या. चांगल्या होत्या, खऱ्या होत्या. त्यांतल्या एकानंही त्यांचं दार वाजवलं नव्हतं.

दार सरांच्या मुलीनं, वीणाताईनं उघडलं. सर आत पलंगावर होते. अर्धांगाचा झटका आला होता, पालघरला नेलं होतं, परवा घरी आणलं. उजवी बाजू गेली होती, वाचाही. मला त्यांनी ओळखलं. मी भिजलेला होतो. त्यांची नजर माझ्या पायांवर गेली आणि तिथेच राहिली. वीणाताईला वाटलं लादी ओली झाली म्हणून बघतात. तिनं फडकं आणलं. मी ते घेतलं, पण पाय पुसले नाहीत.

त्यांना ग्रुपवरचं सांगावं की नाही ते मला कळेना. मग वाटलं, या माणसापासून हे लपवायचं नाही. मी सांगितलं. म्हणालो, सर, मी आत्ताच त्यांना कळवतो, तुमच्यासमोर. मोबाइल काढला आणि तो उघडायला आकडे दाबू लागलो. पलंगावर काही हललं म्हणून वर पाहिलं. सर डावा हात गादीत रोवून, जड झालेली मान ओढत ओढत तोंड भिंतीकडे फिरवत होते. तिथे नकाशा नव्हता. नुसता चुना होता. मी "झालं, सर" म्हणेपर्यंत ते तिकडेच बघत राहिले.

हे मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन. नाशिकला पोचल्यावर मी त्यांना पोस्टानं पत्र पाठवलं. वीणाताईनं ते त्यांना वाचून दाखवलं, त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा वाचलं; सांगण्यावरून म्हणजे डाव्या हाताच्या खुणेनं. त्यानंतर थोड्या दिवसांनी तिचा फोन आला, सर गेले. ती त्याच खोलीतून बोलत होती. त्या बातमीवर मी विश्वास ठेवला. पत्र असं होतं:

आदरणीय सर,

सा. न.

मी सुखरूप पोचलो. तुमच्याकडून निघालो ते आधी किनाऱ्यावर गेलो. जयराम तांडेलांना पाहिलं. जाळं शिवत होते. तुमची चौकशी केली आणि म्हणाले, सरांना सांग, हजेरी चुकली तरी मी हाय. ते चित्र या वर्षी पुन्हा सफाळ्याच्या एका ग्रुपवर निघालं आहे, तेही त्यांनी सांगितलं. मी तिथल्या दोघांशी बोललो. एकानं काढलं. दुसरा फोन उचलत नाही. रविवारी त्याच्या घरी जातो.

मला रोज किनाऱ्यावर जाणं जमणार नाही, सर. म्हणून जयरामभाऊ स्वतः सकाळी मला फोन करणार आहेत. ऐकणं म्हणजे पाहणं नाही हे मला माहीत आहे. फोनवर मी 'आज त्यांच्याशी बोललो आहे' इतकंच सांगेन.

निलेशला तुमच्या आजारपणाचं कळवलं. तो काही बोलला नाही, पण त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

आपल्या ग्रुपवर तुमच्याबद्दल आलेलं बहुतेकांनी काढलं. तिघांचं अजून आहे. ते गावाबाहेर कुठे कुठे गेलं ते विचारतो आहे. सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. मी ग्रुपवर लिहिलं ते तुमच्यासमोरच, पण तेव्हा तुमचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून इथे उतरवतो:

'तामोरे सरांना मी आज दुपारी त्यांच्या घरी पाहिलं. आजारी आहेत. संतोष.'

खाली खात्रीचे ते शब्द लिहिले नाहीत.

तुमचा विद्यार्थी,
संतोष